लॅपटॉपची धातूची बॉडी आणि तिचा रंग: बेळगाव भागात घेण्याआधी काय काय तपासावं

पीयूसीचा (म्हणजे बारावीचा) आणि सीईटीचा निकाल लागला की बेळगावातल्या लॅपटॉपच्या दुकानांत खानापूर, निपाणी, चंदगडकडची कुटुंबं दिसू लागतात. मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला निघालेली असते. प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांची माहिती घरूनच काढून आणलेली असते. बॉडीबद्दल मात्र दुकानदाराच्या एका वाक्यावर काम भागतं: "मामा, फुल मेटल हाय की, बघा हात लावून." हात लावला, गार लागलं, रंग आवडला, पैसे दिले.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशिनिंगच्या कामात आहे. ॲल्युमिनियमचे भाग रोज हाताखालून जातात, त्यांचं ॲनोडायझिंग (विजेने चढवलेला ऑक्साइडचा थर), पावडर कोटिंग (भुकटीच्या रंगाचा भाजलेला थर) होऊन आलेलं तपासावं लागतं. त्यामुळे ओळखीची माणसं लॅपटॉप घेण्याआधी मला विचारतात. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: धातू कोणता, यापेक्षा तो कुठे वापरलाय आणि कशाला जोडलाय हे महत्त्वाचं. आणि रंग निवडताना आज तो कसा दिसतो यापेक्षा तीन वर्षांनी झिजल्यावर कसा दिसेल हे पाहावं.

आधी बॉडीचे चार भाग वेगळे ओळखा

दुरुस्तीवाले लॅपटॉपच्या बॉडीला ए, बी, सी, डी अशी नावं देतात. ए म्हणजे झाकणाची बाहेरची बाजू, बी म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट, सी म्हणजे कीबोर्डभोवतीचा आणि तळहात टेकतो तो भाग, डी म्हणजे तळ. दुकानात "मेटल" म्हणून दाखवतात तो बहुतेक वेळा फक्त ए असतो. मधल्या किमतीच्या लॅपटॉपमध्ये झाकण ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, आणि सी, डी दोन्ही प्लास्टिकचे, हे अगदी सर्रास. यात फसवणूक आहे असं नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही एवढंच.

माहितीपत्रकात "ॲल्युमिनियम टॉप कव्हर" असेल तर फक्त झाकण धातूचं. "ॲल्युमिनियम चॅसिस" किंवा "ऑल मेटल" असेल तर सी आणि डीसुद्धा धातूचे असण्याची शक्यता जास्त. आणि "मेटॅलिक फिनिश", "ब्रश्ड लुक" असे शब्द दिसले की ते प्लास्टिक समजा. प्लास्टिक साच्यात ओततानाच त्यावर धातूसारख्या रेघांची छपाई उतरवता येते आणि ती लांबून खरी वाटते.

हातानेही ओळखता येतं. एसी बंद असलेल्या खोलीत चारही भागांना एकामागून एक बोटं टेकवा. धातू बोटांतली उष्णता झटकन ओढून घेतो म्हणून गार लागतो, प्लास्टिक लगेच कोमट वाटतं. नखाने हलकेच टिचकी मारून आवाजातला फरक ऐका. लोहचुंबक लावून पाहणारे काही जण मला भेटतात. त्याचा उपयोग नाही, कारण ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम दोन्हींना चुंबक चिकटत नाही. चिकटलाच तर तो आतल्या स्टीलच्या पट्टीला किंवा झाकण बंद ठेवणाऱ्या चुंबकाला.

कोणता धातू

ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, मॅग्नेशियमची १.७४, टायटॅनियमची ४.५ आणि स्टीलची सुमारे ७.८५. साध्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची १.२. या आकड्यांवरूनच कळतं की स्टीलची बॉडी कोणी का करत नाही, आणि खूप हलके लॅपटॉप मॅग्नेशियमकडे का वळतात.

मॅग्नेशियम लॅपटॉपमध्ये नवं नाही. सोनीच्या १९९७ च्या व्हायो ५०५ मध्ये ते होतं, आज एलजीच्या ग्रॅम मालिकेत आणि पॅनासॉनिकच्या टफबुकमध्येही आहे. हलकं आणि ताठ. पण ओलाव्याला आणि मिठाला ते ॲल्युमिनियमपेक्षा फार लवकर बळी पडतं, म्हणून त्यावर रंगाचा किंवा संरक्षक लेपाचा थर द्यावाच लागतो. कोपऱ्यात टवका उडाला तर तो तसाच उघडा सोडू नये. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

टायटॅनियमचा प्रयोग ॲपलने २००१ च्या पॉवरबुक जी४ मध्ये केला. धातू मजबूत होता, पण त्यावरचा रंग कडांवरून उडायचा. २००३ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियम घेतलं आणि २००८ पासून ॲल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली बॉडी आणली, जिला युनिबॉडी म्हणतात. आपल्या भागात सीएनसी मशीनवर काम करणाऱ्याला यात काय आहे ते लगेच कळेल: ठोकळा महाग, मशीनचा वेळ महाग, आणि बरंचसं ॲल्युमिनियम कीस होऊन खाली पडतं. म्हणून स्वस्त लॅपटॉपमध्ये अशी बॉडी नसते. तिथे दाबून आकार दिलेला पत्रा असतो आणि तो आतून प्लास्टिकच्या चौकटीला चिकटवलेला असतो. झाकणाच्या कडेला नीट पाहिलं तर धातू आणि प्लास्टिक मिळतात तिथे बारीक रेघ दिसते.

धातूच हवा असा हट्ट मी धरणार नाही. रोज बसच्या गर्दीत दप्तर घेऊन उभं राहणाऱ्या मुलाला काचतंतू किंवा कार्बन फायबर मिसळलेलं जाड प्लास्टिक पातळ पत्र्यापेक्षा चांगलं साथ देतं. पत्र्याला पोचा पडला की तो कायमचा, आणि तो आत स्क्रीनवर दाब देत राहतो. चांगलं प्लास्टिक दबून परत येतं. दुकानात लॅपटॉप चालू करून, पांढरी स्क्रीन ठेवून, झाकणाच्या मागे मधोमध बोटाने हलका दाब द्या. स्क्रीनवर लाटा किंवा डाग उमटले तर झाकण धातूचं असूनही कमजोर आहे.

"मिलिटरी ग्रेड" या शब्दांबद्दल एवढंच: मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी लष्कराचं चाचण्या कशा घ्याव्यात याचं मानक आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनी ठरवते, लष्कर कोणाला प्रमाणपत्र देत नाही. कोणत्या चाचण्या केल्या ते विचारा.

बिजागरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा

लॅपटॉप दुरुस्तीच्या कोणत्याही टेबलाशी थोडा वेळ उभे राहा, बिजागरीजवळ तुटलेला एक तरी लॅपटॉप दिसेल. त्यातले पुष्कळ बाहेरून "मेटल बॉडी"चेच असतात.

कारण असं. बिजागरी स्वतः स्टीलची असते, ती सहसा तुटत नाही. ती स्क्रूने सी भागाला बसवलेली असते. सी प्लास्टिकचा असेल तर स्क्रूसाठी त्या प्लास्टिकात छोटे पितळी इन्सर्ट (आत आटे असलेल्या नळ्या) गरम करून रोवलेले असतात. झाकण उघडताना सगळा पीळ त्या तीन-चार इन्सर्टवर येतो. बिजागरीत धूळ जाऊन किंवा आतलं वंगण वाळून ती घट्ट झाली की इन्सर्ट प्लास्टिकातून उपटून निघतात. मग झाकण उघडताना कीबोर्डजवळची कड फाकते, स्क्रीनची केबल ओढली जाते आणि बी चौकटही तडकते. आपल्याकडे पश्चिमेला तांबड्या मातीची बारीक धूळ, पूर्वेला गोकाक-बैलहोंगलकडे काळ्या रानाची. दोन्ही बिजागरीला वाईटच.

म्हणून झाकणापेक्षा सी भाग धातूचा असण्याला मी जास्त किंमत देतो. पैसे एकाच ठिकाणी वाढवायचे असतील तर तिथे वाढवा. दुकानात हे करून पाहा: लॅपटॉप टेबलावर ठेवून एका हाताने, मधोमध धरून झाकण उघडा. तळ उचलला गेला तर बिजागरी घट्ट आहे. सी प्लास्टिकचा असताना ती फार घट्ट असणं ही काळजीची गोष्ट. मग झाकण अर्धं उघडं ठेवून बिजागरीजवळच्या कडेकडे बारकाईने पाहत हळूहळू पूर्ण उघडा. कड जरासुद्धा उचलली जात असेल तर तो नग घेऊ नका, दुसरा दाखवायला सांगा.

घरी आल्यावर सवय एकच: झाकण नेहमी मधून उघडायचं, एका कोपऱ्याला धरून नाही. इन्सर्ट उपटला असेल तर नुसतं फेविक्विक भरून चालत नाही. दुरुस्तीवाले इपॉक्सी भरून नवीन इन्सर्ट बसवतात किंवा सी पॅनल बदलतात. बिजागरीच्या दांड्यावरचा नट थोडा सैल करून घट्टपणा कमी करणं हे त्याआधीचं, स्वस्त काम आहे. वॉरंटी संपल्यावर एकदा करून घ्यायला हरकत नाही.

रंग नेमका कुठे असतो

ॲल्युमिनियमच्या लॅपटॉपवरचा रंग बहुधा पेंट नसतो. भाग आधी बारीक काचमण्यांच्या माऱ्याखाली मॅट करतात, धुतात, मग साधारण १५ ते २० टक्के गंधकाम्लाच्या टाकीत, २० अंशांच्या आसपास, डीसी वीज देऊन बुडवतात. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागाचंच ऑक्साइड होतं आणि त्याचा थर वाढत जातो. हेच ॲनोडायझिंग. हा थर सच्छिद्र असतो. त्या छिद्रांत रंगद्रव्य शिरतं, आणि शेवटी उकळत्याच्या जवळ तापलेल्या पाण्यात किंवा निकेलच्या क्षारात ठेवून छिद्रं बंद करतात. यालाच सीलिंग म्हणतात. सजावटीच्या कामात हा थर साधारण १० ते २० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉनचा.

हे ऑक्साइड म्हणजेच अ‍ॅल्युमिना, जे आपल्या यमनापूरच्या हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून पांढऱ्या भुकटीच्या रूपात निघतं. ते फार कठीण असतं, ग्राइंडिंगच्या चाकांत वापरतात इतकं. म्हणून ॲनोडाइज केलेल्या बॉडीवर नखाचे, कापडाचे ओरखडे येत नाहीत. पण खाली धातू मऊ आहे आणि थर पातळ. किल्ली, घड्याळाचा स्टीलचा पट्टा, दप्तरातली वाळू यांनी तो एकदा फुटला की आतला चंदेरी धातू उघडा पडतो.

इथून रंगाचा सगळा हिशोब निघतो. चंदेरी रंगात थरात रंगद्रव्यच नसतं. ओरखड्याखालून तसाच चंदेरी धातू दिसतो, म्हणून तो नजरेत येत नाही. गडद निळा, काळा, गडद राखाडी यांत प्रत्येक ओरखडा पांढरी रेघ होऊन चमकतो. आणि तो सुरू कुठून होतो? कडांपासून. चार्जरची पिन रोज जिथे घासते त्या खाचेपासून, तळहात टेकतो त्या धारेपासून. ॲपलचा २०२२ चा मिडनाइट (काळसर निळा) रंग याच कारणाने चर्चेत आला: बोटांचे ठसे आणि कडांवरच्या चंदेरी खुणा. पुढच्या काळ्या आणि मिडनाइट मॉडेलांत त्यांनी ठसे कमी दिसावेत म्हणून सीलिंगची पद्धत बदलली. ठसे कमी झाले, पण थराखालचा धातू चंदेरीच राहिला.

उन्हाचा मुद्दाही आहे. सेंद्रिय रंगद्रव्यं अतिनील किरणांनी फिकी पडतात, लाल आणि गुलाबी छटांत हे लवकर जाणवतं. खिडकीशी, रोज दुपारच्या उन्हात एकाच जागी लॅपटॉप उघडा राहणार असेल तर अशी छटा टाळावी.

ओतीव भागांची गोष्ट वेगळी. एडीसी१२ सारख्या डायकास्टिंगच्या मिश्रधातूत सिलिकॉन सुमारे १० ते १२ टक्के असतं, त्यावर ॲनोडायझिंग डागाळलेलं, करडं येतं. म्हणून ओतीव ॲल्युमिनियमवर पेंट किंवा पावडर असते. पेंट झिजतो तेव्हा आधी गुळगुळीत, तेलकट चमक येते, मग टवके उडतात. दुकानात कोपऱ्यात आणि यूएसबीच्या खाचेच्या आत डोकावून पाहा. तिथे रंगाची जाडी किंवा फुगीर कड दिसली तर तो पेंट.

मग कोणता रंग

चार वर्षं रोज बाहेर नेणार असाल तर चंदेरी किंवा फिकट राखाडी. दुसरा विचार करण्याची गरज नाही. घरी टेबलावरच राहणार असेल तर काळा, निळा, हिरवा, जो मनापासून आवडतो तो घ्या. आवडीचा रंग रोज डोळ्यांसमोर असणं हीसुद्धा किंमत देण्यासारखी गोष्ट आहे, आणि घरातल्या मुलीला गुलाबी हवा असेल तर तिला चंदेरी घ्यायला लावू नका. फक्त तो कसा झिजेल ते आधी सांगा.

दोन व्यावहारिक गोष्टी रंगाशी जोडलेल्या आहेत आणि त्या कोणी सांगत नाही. पहिली, पॅनल. ॲनोडायझिंगमध्ये टाकीचं तापमान, वेळ आणि धातूची बॅच बदलली की छटा थोडी बदलते. उद्या ए पॅनल बदलायची वेळ आली तर चंदेरी आणि काळ्याचं पॅनल बाजारात सहज मिळतं. मर्यादित रंगाचं मागवावं लागतं, आणि आलं तरी उरलेल्या बॉडीशी जुळेलच असं नाही.

दुसरी, कीबोर्ड. चंदेरी बॉडीवर काही वेळा कीसुद्धा चंदेरी असतात आणि त्यांवर पांढरा बॅकलाइट, म्हणजे कीखालचा दिवा. दिवसा, दिवा लागला की अक्षरं दिसेनाशी होतात, कारण चंदेरीवर पांढऱ्याचा उठाव नसतो. दुकानात बॅकलाइट चालू करून दाराजवळच्या उजेडात पाहा. आपल्या भागात हे जास्त महत्त्वाचं, कारण इथे डीटीपीवाले, लग्नपत्रिका आणि अर्ज करून देणारे एकाच कीबोर्डवर कन्नड आणि मराठी दोन्ही टाइप करतात आणि त्यासाठी कीवर स्टिकर लावतात. काळ्या कीवर पिवळी किंवा पांढरी अक्षरं स्वच्छ दिसतात. चंदेरी कीवर काळ्या अक्षरांचेच स्टिकर घ्या.

उष्णता आणि वायफाय

धातूची बॉडी जास्त तापते असं वाटतं, त्याचं कारण धातू उष्णता हाताला पटकन देतो. तितक्याच तापमानाचं प्लास्टिक सोसवतं, धातू चटका देतो. प्रत्यक्षात ॲल्युमिनियम आतली उष्णता पसरवून बाहेर टाकायला मदत करतं. अथणी, रायबागकडच्या उन्हाळ्यात मांडीवर घेऊन काम करायचं असेल तर मात्र हे गैरसोयीचं, खाली लाकडी फळी घ्या. घरात वापरताना गडद आणि फिकट रंगाने तापमानात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. उन्हात उभ्या गाडीत ठेवला तर गडद रंग नक्की जास्त तापतो, पण तिथे कोणत्याच रंगाचा लॅपटॉप ठेवू नये.

धातूतून रेडिओ लहरी जात नाहीत. म्हणून पूर्ण धातूच्या लॅपटॉपमध्ये अँटेना बिजागरीजवळच्या काळ्या प्लास्टिक पट्टीत किंवा तशाच एखाद्या फटीत ठेवतात. त्या पट्टीवर धातूचे स्टिकर किंवा चमकी चिकटवू नका.

बॉडीला हात लावला की मुंग्या येतात तेव्हा

धातूच्या लॅपटॉपबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: "चार्जिंगला लावला की करंट मारतंय, पीस खराब हाय काय?" बहुतेक वेळा लॅपटॉप चांगला असतो.

चार्जरच्या आत विजेचा गोंगाट गाळण्यासाठी वाय कॅपॅसिटर असतात. त्यांच्यातून अगदी सूक्ष्म, एक मिलिॲम्पियरपेक्षाही कमी प्रवाह लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीपर्यंत येतो. चार्जर तीन पिनांचा असेल आणि अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत निघून जातो. चार्जर दोन पिनांचा असेल, किंवा सॉकेट तीन पिनांचं असून मागे अर्थची वायरच नसेल, तर तो आपल्या हातातून जातो आणि बारीक थरथर जाणवते. शहापूर, वडगाव, अनगोळकडच्या किंवा गावाकडच्या जुन्या घरांत सॉकेट नवं आणि वायरिंग जुनं असतं, तिथे हे हमखास.

उपाय क्रमाने करा. कंपनीचाच चार्जर वापरा, शक्य असेल तिथे तीन पिनांच्या केबलसह. मग इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून घ्या: फेज आणि अर्थ यांत सुमारे २३० व्होल्ट यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थ यांत फक्त थोडे. ते जुळत नसेल तर अर्थिंगचा खड्डा आणि वायर दुरुस्त करून घ्या. कोणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. न्यूट्रल तुटला तर बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात आणि ते जीवघेणं आहे. थरथरीऐवजी जोराचा झटका बसला तर प्लग ताबडतोब काढा आणि चार्जर पुन्हा लावू नका.

पावसाळा आणि पुसणं

घामातलं मीठ सीलिंगमधल्या कमजोर जागा शोधतं. तळहात टेकतो तिथे काही वर्षांनी बारीक खड्डे पडतात, ते त्यामुळे. रोज काम संपल्यावर ओलसर मायक्रोफायबर कापडाने सी भाग पुसून कोरडा करा. चिकट डागाला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापडावर घेऊन, बॉडीवर न ओतता.

लिंबू, चिंच, धुण्याचा सोडा, भांडी घासायची पूड यांतलं काहीही नको. ऑक्साइडचा थर तीव्र आम्लात आणि तीव्र अल्कलीत, दोन्हींत विरघळतो. सोड्याने पुसलेली गडद बॉडी पांढरट होते आणि तो डाग मग निघत नाही.

जून ते सप्टेंबर लॅपटॉप ओल्या दप्तरात रात्रभर राहू देऊ नका. दप्तरात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अधूनमधून बदला. प्लास्टिकचं टणक कव्हर बॉडीवर बसवायचा मोह होतो, पण त्याच्या आत धूळ अडकते आणि तीच धूळ थर घासते. शिवाय झाकणाचं वजन वाढून बिजागरीवर ताण येतो. ओरखड्यांची भीती असेल तर पातळ विनाइल स्किन लावा आणि आत मऊ अस्तर असलेली स्लीव्ह वापरा.

जुना घेत असाल तर

ऑफिसांतून निघालेले लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक असे लॅपटॉप आपल्याकडे भरपूर मिळतात, आणि बॉडीच्या दृष्टीने ते त्याच पैशांतल्या नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा बहुधा सरस असतात. रंगाचे ओरखडे मोजत बसू नका, त्यांवरून घासाघीस करा आणि पुढे व्हा. लॅपटॉप उलटा करून तळाचे सगळे स्क्रू आहेत का आणि त्यांची डोकी घासलेली आहेत का ते पाहा. स्क्रू गायब असेल किंवा डोकं खराब असेल तर तो उघडला गेलाय, का ते विचारा. कोपऱ्याला पोचा असेल तर त्याच कोपऱ्याजवळच्या स्क्रीनवर काळा डाग किंवा उजेडाचा फिकट ठिपका आहे का ते अंधारात बघा. टेबलावर सपाट ठेवून चारही पाय टेकतात का ते तपासा, एक पाय हलला तर चौकट पिळलेली आहे. तळ किंवा टचपॅड मधून फुगीर वाटलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. धातूची बॉडी असली तरी ती फुगून टचपॅड वर ढकलते. असा नग कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका, आणि चार्जिंगला लावून पाहायलाही सांगू नका.